खांबापलीकडचा डबा

‘बरं’ हा शब्द किती तऱ्हांनी म्हणता येतो हे मला चांगलं ठाऊक होतं. सासूबाईंचं ‘बरं’ ऐकलं की मी केलेलं काम पुन्हा करायला घ्यायची. नवऱ्याचं ‘बरं’ पेपराच्या आडून यायचं आणि त्याचा अर्थ ‘ऐकलं नाही’ असा असायचा. पण मॅडमच्यासारखं ‘बरं’ मी त्याआधी कुठेच ऐकलं नव्हतं. त्यात होकार नव्हता, नकार नव्हता, शाबासकी नव्हती आणि कीवही नव्हती. धुवून पुसून ठेवलेली पाटी असावी तसं ते ‘बरं’.

शाळेत आमच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला बसलेलं पोरगं म्हणायचं, “अंडी जादा खाल्ली की डोळं जात्यात.”

मॅडम म्हणायच्या, “बरं.”

“भातानं झोप येती, म्हणून मिलिट्रीत भात देत न्हाईत.”

“बरं.”

पेन चालत राहायचं. चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मी शेजारी बसून आतल्या आत तडफडायची.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. निरोपाच्या शालीची घडीसुद्धा मोडली नव्हती, आणि आपल्याला येत नाही असं जगात काही उरलेलं नाही, याबद्दल मनात शंका नव्हती. आज एकाहत्तराव्या वर्षी मागे वळून बघते तेव्हा त्या बाईचं मला फार हसू येतं. केस रंगवायची, तेही फक्त पुढचे. मागचे आपल्याला दिसत नाहीत, म्हणजे कुणालाच दिसत नाहीत!

मॅडम मिरजेच्या. घराणं तंबोरे बनवणाऱ्यांचं. स्वतः मात्र आहारशास्त्र शिकल्या, आखातात गेल्या आणि अठरा वर्षं तिकडच्या शाळांमधून हिंडल्या. अरबी बोलणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना खाण्यापिण्यातलं किती कळतं, हे मोजणारी एक प्रश्नावली त्यांनी आणि त्यांच्या तिकडच्या सहकाऱ्यांनी मिळून तयार केली होती. पाठ किती आहे हे मोजणारी नव्हे, कळतं किती हे मोजणारी. बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षर वाचता येतं का, वाचून काही ठरवता येतं का, टीव्हीवर सांगतात ते आणि खरं यातला फरक ओळखता येतो का, असलं सगळं. परत आल्यावर त्यांना तीच प्रश्नावली मराठीत आणून साताऱ्या-सांगलीच्या मुलांवर तपासायची होती. मिरजेतल्या एका संस्थेनं त्यांना एक खोली, एक कपाट आणि मी, एवढं दिलं. मुदत वार्षिक परीक्षेपर्यंतची. तोवर काम झालं नाही तर खोली बंद, कपाट बंद.

मॅडमना या कामाशिवाय दुसरं काही नव्हतं. मला तेव्हा वाटलं, त्यांना दुसरं काही येत नाही.

त्यांची पर्स म्हणजे भांड्यांचं कपाट होतं. आत एक मापाचा पेला, एक स्टीलची वाटी आणि एक चमचा. “दिवसातून किती वाट्या डाळ खाता?” असा प्रश्न असला की त्या विचारायच्या, “वाटी कुणाची?” आणि मुलाबरोबर थेट त्याच्या घरी. स्वयंपाकघरातली वाटी मागून घ्यायची, मापाच्या पेल्यानं तिच्यात पाणी ओतायचं, आकडा लिहायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. सांगलीकडे वाटी निघायची चिमुकली, माण तालुक्यात निघायची ती वाटी की लहान पातेलं असा प्रश्न पडावा इतकी मोठी. तिकडं कालवणात भाकरी कुस्करून खातात, मग वाटी तेवढी लागणारच. एका घरी म्हातारीनं मला कोपऱ्यात ओढून विचारलं, “आवं, ह्या बाई भांड्यांच्या दुकानाच्या हायत व्हय?” मी गंभीर चेहरा करून “व्हय” म्हणाले. त्यानंतर त्या गावात आणखी दोन बायकांनी आम्हाला डबे बदलून मिळतील का म्हणून विचारलं.

मोजताना मॅडम अरबीत पुटपुटायच्या. वाहिद, इत्नैन, तलाता. एसटीत तिकिटावरचे आकडेसुद्धा तसेच वाचायच्या. वही मागच्या पानाकडून सुरू करायच्या. प्रश्नावलीचा पहिला मराठी खर्डा त्यांनी छापून आणला तेव्हा ‘नेहमी’ची चौकट उजवीकडे आणि ‘कधीच नाही’ची डावीकडे होती, तिकडं सगळं उजवीकडून सुरू होतं म्हणून. एका वर्गानं पहिली चौकट ‘नेहमी’चीच असणार, असं समजून धडाधड खुणा केल्या. त्या कागदांप्रमाणे तो वर्ग पालेभाजी कधीच खात नव्हता आणि पाणीही कधीच पीत नव्हता. मी पोट धरून हसले. मॅडम म्हणाल्या, “चूक मुलांची नाही. छापणारीची आहे.” आणि सगळे कागद बाजूला ठेवून नवे छापून आणले. मला वाटलं, केवढा हा हट्ट! चौकटी उलट वाचल्या असत्या की झालं असतं.

त्यांचे नियम दोन. पहिला, विचारणाऱ्यानं चेहरा हलवायचा नाही. त्यासाठी मी आरशासमोर बसून सराव केला. नवऱ्यानं विचारलं, “दात दुखतोय का?” दुसरा, जे मुलांना विचारायचं ते दर शनिवारी आधी आपण स्वतः भरायचं. “आपल्याला लाज वाटते तो प्रश्न मुलांना विचारताना कळतो,” म्हणायच्या. मी माझा शनिवारचा कागद दोन मिनिटांत भरून टाकायची. पालेभाजी नेहमी, फळं नेहमी, गोड कधीच नाही. मला तेव्हा रक्तातल्या साखरेसाठी गोळ्या चालू होत्या, पण तो प्रश्न कागदावर नव्हता ना!

प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न मात्र आम्हाला बरेच दिवस पुरला.

मूळ अरबीत तो असा होता: गेल्या सात दिवसांत किती वेळा तू घरच्यांसोबत एका ताटात जेवलास? मॅडम सांगायच्या, तिकडं घरात एकच मोठं ताट असतं, भोवती सगळे बसतात. पहिल्याच वर्षी त्या अशा एका घरी वाटी घेऊन गेल्या. कोण किती खातं ते मोजायला. दहा हात एका ताटात, मोजणार कसं? त्या घरातली म्हातारी हसली. तिनं यांची वाटी हातातून काढून घेतली, भिंतीशी ठेवली आणि यांचा हात धरून ताटात घातला. “मी तिकडं भाड्याच्या खोलीत एकटी राहायची,” मॅडम म्हणाल्या, “पण कामाला गेले की कुणीतरी माझा हात ताटात घालायचंच.”

“आणि इकडं?” मी विचारलं.

“इकडं काय, आपलं गाव आहे,” त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

तो प्रश्न आम्ही जसाच्या तसा मराठीत केला आणि माण तालुक्यात म्हसवडजवळच्या एका शाळेत नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीची आई थेट वर्गात. “आवं बाई, काय इचारलंसा पोरीला? एका ताटात? आमच्यात उष्टं-खरकटं न्हाई चालत. तुमच्या सांगलीत चालतं व्हय?” मी सांगलीची अब्रू वाचवायला पुढं सरसावले. मॅडमनी मला हातानं मागं सारलं आणि त्या आईला म्हणाल्या, “बरं.” पेन काढलं आणि तिचं म्हणणं लिहून घेतलं.

मग त्यांनी त्या मुलीलाच समोर बसवलं. आठवीतली पोर, बाप सैन्यात, घरात आई, आजी आणि दोन म्हशी. मॅडमची पद्धत अशी की प्रश्न फसला की तो मुलांच्याच पुढ्यात टाकायचा. त्यांनी तिला अरबांच्या ताटाची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, “आता मला काय विचारायचंय ते तूच तुझ्या शब्दांत सांग.”

पोरीनं बाकाच्या लाकडावर नखानं एक गोल ताट काढलं. मग म्हणाली, “म्हंजी माजं जेवान हुस्तवर दुसरं कुनी उठत न्हाई. आसं किती येळा झालं, आसंच ना वो?”

“तुमच्या घरी उठत नाहीत?”

“पंगतीत न्हाई उठत. समद्यांचं झाल्याबिगर कसं उठायचं? पर घरी उठत्यात. म्हशी आस्त्यात.”

त्या दिवशी पहिल्यांदा मी मॅडमचा चेहरा हललेला पाहिला. तिकडं अरबांच्या घरीसुद्धा पाहुण्याचं संपेपर्यंत यजमान ताटावरून उठत नाही, दाणा दाणा चिवडत बसतो, म्हणे. एसटीत त्या अख्ख्या वाटेवर स्वतःशीच त्या पोरीचं वाक्य म्हणत होत्या. शेवटचा प्रश्न पक्का झाला: गेल्या सात दिवसांत किती वेळा असं झालं, की तुझं जेवण होईपर्यंत तुझ्याबरोबरचं कुणी उठलं नाही?

मला तो प्रश्न अगदीच बाळबोध वाटला. आहारशास्त्रात उठण्याबसण्याचं काय काम? शनिवारी मी माझ्या कागदावर ठोकून दिलं: सातही दिवस. त्या आठवड्यात घरी नवरा क्रिकेट बघत जेवत होता आणि मी ओट्यापाशी उभ्यानं. पण सात म्हणजे सात.

आता माझं पाप सांगते. ते करताना मला ते पुण्य वाटत होतं, एवढं लक्षात असू द्या.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूच्या शाळांचं निम्मं काम मॅडमनी विश्वासानं माझ्यावर सोपवलं. एका वर्गात त्या, शेजारच्या वर्गात मी, एका वेळी एक मूल. आणि ती मुलं चुकायला लागली. तीस वर्षांच्या शिक्षिकेसमोर मूल चुकतंय आणि तिनं गप्प बसायचं? मी बोलले नाही हो. नियम म्हणजे नियम. मी फक्त भुवई उचलली. मूल चुकीकडे निघालं की जरासं खोकले. बरोबर आलं की माझी मान आपोआप हलायची. मुलं भारी हुशार असतात. बाईंच्या भुवईवर सगळी वार्षिक परीक्षा काढतात. एकीला दुधाचं विचारलं. ती घुटमळली. मी भुवई वर केली, ओठांचा चंबू केला, आणि तिनं घडाघडा म्हणून टाकलं, “दूध हे पूर्णान्न आहे.” मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ “शाब्बास” म्हणाले.

मिरजेला परतल्यावर मॅडम माझा गठ्ठा वाचायला बसल्या. मी कौतुकाची वाट बघत समोर. दहा कागद झाले, वीस झाले. त्यांनी चष्मा काढला.

“बाई, ही सगळी मुलं एका तोंडानं बोलतायत.”

“चांगली शाळा आहे मॅडम.”

“आणि ते तोंड तुमचं आहे.”

प्रत्येक कागदावर ‘प्रथिने शरीराची झीज भरून काढतात.’ माझं वाक्य. माझा पूर्णविरामसुद्धा. मॅडमनी गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि वर जाड पेननं लिहिलं: ‘बाईंचं ज्ञान’. म्हणाल्या, “या गावांत मुलांचं नाही, तुमचं मोजलं गेलं. भरपूर निघालं.”

मी चिडले. परीक्षा तोंडावर आलेली, पुन्हा जायचं म्हणजे काम वेळेत होणार नाही, खोली जाईल, कपाट जाईल. मी म्हणाले, “दोन-चार उत्तरं इकडची तिकडं झाली तर काय आभाळ कोसळणार आहे? संस्थेला कोण सांगणार?”

“मी सांगणार,” त्या म्हणाल्या. आणि खरोखरच जिना चढून वर सांगून आल्या. परत आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “ज्या पोरीला माहीत नाही तिच्याकडे ‘माहीत नाही’ एवढंच असतं देण्यासारखं. तेही तुम्ही घेतलंत. कागदावर सगळं येतंय असं दिसलं की तिथं मग कुणी जात नाही, बाई.”

त्या वर गेल्या होत्या तेवढ्यात मी रागारागानं कपाट उघडलं होतं. मॅडम स्वतः तरी शनिवारचे कागद कसे भरतात ते बघू म्हणून! माझ्या आत दडलेली पर्यवेक्षिका काही मरत नव्हती. खंडाळ्याच्या आठवड्याचा कागद वरच होता. पालेभाजी तीन दिवस, फळं दोन दिवस, सगळं खरं खरं. शेवटचा प्रश्न. उत्तर: शून्य.

मी तो कागद त्यांच्यासमोर धरला. “मॅडम, या आठवड्यात आपण सहा दिवस बरोबर होतो.”

“हो.”

“सहाही दुपारी एकाच व्हरांड्यात जेवलो.”

“हो.”

“मग शून्य कसं? मी माणूस नाही?”

“तुम्ही खांबापलीकडे बसता, बाई,” त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. खंडाळ्याची एसटी सव्वाचारला आहे, हे जसं सांगतात तसं.

शाळांच्या व्हरांड्यांना खांब असतात. मॅडम अलीकडे बसायच्या आणि मी पलीकडे. कारण मी जैनाघरची, आमच्यात कांदा-बटाटासुद्धा नाही, आणि त्यांच्या डब्यात उकडलेलं अंडं. असं मी नणंदेला सांगायची. साताऱ्यात मी त्या सहा दिवसांत नणंदेकडेच राहिले. दिवस मावळायच्या आत तिच्या घरी गरम जेवायची. मॅडम लॉजवर होत्या. त्यांना एकदा तरी ये म्हणावं, हे नणंदेलाही सुचलं नाही आणि मलाही नाही. अंडं होतं हे खरं. पण आता वय झालंय तर दुसरं खरंही सांगून टाकते. माझ्या डब्यात रोज दोन बुंदीचे लाडू असायचे, आणि आहाराचा सर्व्हे करणाऱ्या मधुमेही बाईला ते खायला खांबच लागतो.

पुन्हा खंडाळ्याकडे गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच आधी जाऊन एसटीत बसले होते. दुपारची सुट्टी झाली आणि मी डबा घेऊन खांबाच्या अलीकडे आले. मॅडमनी मान वर केली.

“तुम्ही माझा कागद बघितलाय,” त्या म्हणाल्या. “आता हे मोजता येणार नाही. तुम्ही उत्तर बदलताय.”

“नका मोजू. मला भूक लागलीय.”

आम्ही जेवलो. त्यांच्या डब्यात त्या दिवशी अंडं नव्हतं. त्यानंतरही माझ्यासमोर कधी आलं नाही. मी लाडू आणायचे थांबवले नाहीत. बघा आता, कोण कुणासाठी काय सोडतं ते.

त्या फेरीत ती दुधाची मुलगी पुन्हा माझ्यासमोर आली. मी तिला तोच प्रश्न विचारला. तिनं माझ्या भुवईकडे बघितलं. भुवई जागच्या जागी. तिनं ओठांकडे बघितलं. काही नाही. मग ती खाली बघून म्हणाली, “मला न्हाई म्हाईत.”

मी म्हणाले, “बरं.”

आणि गंमत अशी की ती थांबली नाही. ‘बरं’च्या पुढच्या त्या मोकळ्या जागेत तिला बोलावंसं वाटलं. “दूध डेरीला जातं वो. आमी चा पितो. काळा.” मी ते लिहून घेतलं. लिहिताना माझा चेहरा हलला नाही.

काम परीक्षेच्या आदल्या आठवड्यात संपलं. खोली वाचली नाही. काम संपल्यावर ती कशाला ठेवतील? पण मराठी प्रश्नावली पुरी झाली, संस्थेनं ती घेतली, आणि खंडाळ्याकडच्या त्या शाळांचे आकडे इतके खाली निघाले की पुढच्याच वर्षी तिथं आहाराचे वर्ग सुरू झाले. मॅडमनी तिकडच्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं की अरबीतला शेवटचा प्रश्नही आता बदला. माण तालुक्यातल्या एका मुलीनं तो जास्त नीट विचारलाय.

त्यानंतर मी दर गुरुवारी मिरजेला जायची. गुडघ्याच्या शेकासाठी. शेक झाला की डबा घेऊन मॅडमकडे. घर अरुंद गल्लीतलं; खाली पुतण्याचा तंबोऱ्यांचा कारखाना, वर मॅडमची खोली. जिन्यात, माळ्यावर, दाराच्या मागे, जिकडे बघावं तिकडे वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले. मी पहिल्यांदा म्हटलं, “घरात एवढे भोपळे, आणि एकही खायचा नाही!” मॅडम म्हणाल्या, “वाजायचे आहेत ते. रिकामे असल्याशिवाय वाजत नाहीत.” खालचे लोक कामातून सवड मिळेल तसे, एकेकटे जेवायचे. वर ताट यायचं, झाकून. खालून तारा लावल्याचा आवाज यायचा, एकच सूर, कितीतरी वेळ. मॅडम त्या सुरावर घास चावायच्या. मापाच्या वाटीत अजूनही मोजून वाढून घ्यायच्या.

मी मात्र भराभर जेवणारी. शाळेतली सवय, मधल्या सुट्टीत डबा आणि वह्या दोन्ही उरकायचे. शिवाय घरी दिवस मावळायच्या आत पोचायचं. माझा डबा पुसून पिशवीत जायचा तेव्हा मॅडमची भाकरी अर्धी असायची. मी उठायची आणि म्हणायची, “मॅडम, तुम्ही सावकाश जेवा हं.”

त्या म्हणायच्या, “बरं.”

एकदा तेवढी फजिती झाली. चटईवर मांडी घालून बसले होते, आणि उठायच्या वेळी गुडघा जो अडकला तो अडकलाच. ना सरळ होईना, ना वाकेना. पुतण्या बाजारात गेलेला. मी पोतं टाकल्यासारखी बसून राहिले. मॅडमनी शांतपणे त्यांची भाकरी संपवली, वाटी पुसून घेतली, ताक प्याल्या, बडीशेप चघळली. मी गुडघ्याला शिव्या देत होते. पुतण्या आला, दोघांनी मला काखेत धरून उभं केलं, आणि जिन्यावरून उतरताना माझं डोकं एका भोपळ्यावर आदळलं. तो इतका गोड वाजला की तिघंही हसलो. मॅडमना मोठ्यानं हसताना मी तेव्हाच ऐकलं.

दोन वर्षं मी गुरुवार चुकवला नाही. मग माझ्या नवऱ्याचं आजारपण निघालं, गुरुवार सुटले. तो गेला, त्याला वर्ष झालं, आणि एक दिवस मॅडमचा पुतण्या सांगलीला दारात उभा. “फुप्पी गेल्या, बाई. झोपेतच.” तो त्यांना, म्हणजे आपल्या आत्याला, फुप्पी म्हणायचा. “आजारी नव्हत्या. तुम्हाला द्यायला सांगितलेली ही फाईल.”

फाईलमध्ये शनिवारचे कागद. काम संपलं, खोली गेली, तरी मॅडम दर शनिवारी कागद भरतच होत्या. तारखा उजवीकडे. मी चष्मा लावून बसले आणि आधी माझे गुरुवार शोधले. मनात म्हटलं, आता दिसेल ‘एक’, ‘एक’, ‘एक’. निदान शंभर तरी ‘एक’ असतील माझ्या नावावर.

शून्य. शून्य. शून्य.

मी दुसऱ्यांदा चाळलं. मला आधी राग आला, तसाच, खंडाळ्यासारखा. मी येत होते की दर आठवड्याला! मग प्रश्न पुन्हा वाचला. तुझं जेवण होईपर्यंत तुझ्याबरोबरचं कुणी उठलं नाही, असं किती वेळा. मॅडमनी मला कधी “बसा” म्हटलं नव्हतं. कसं म्हणतील? ते उत्तर बदलणं झालं असतं.

सगळ्या गठ्ठ्यात एकाच कागदावर ‘१’ होता. माझा गुडघा अडकला त्या आठवड्याचा.

फाईल आता माझ्या कपाटात असते. शनिवारचा कागद मीही भरते, आणि आता खरा भरते. गोड कधी कधी. पालेभाजी सून करेल तेव्हा. घरात आम्ही चौघं. मुलगा आणि सून कामावरून येतील तसे जेवतात, आणि मी दिवस मावळायच्या आत. माझ्या वेळेला असते ती फक्त नात, तेरा वर्षांची, क्लासला निघायच्या घाईतली. गोड पोर आहे. माझ्यावर गेली आहे, भराभर जेवते.

काल शुक्रवार होता. शनिवारच्या कागदाआधी उरलेलं एकच जेवण, आणि शेवटच्या प्रश्नापुढं तोवर शून्य. नात समोर बसली होती, तिचं ताट संपत आलं होतं आणि माझी भाकरी अर्धी होती. दात आता पूर्वीसारखे चालत नाहीत. तिनं शेवटचा घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. पोरं हुशार असतात. मी नुसती भुवई उचलली असती तरी ती थांबली असती. माझी भुवई जागेवरून हलायला बघत होती, शपथ सांगते.

मी चेहरा हलवला नाही.

ती उठली, ताट बेसिनमध्ये ठेवलं, सॅक खांद्याला अडकवली आणि दारातून म्हणाली, “आजी, तू सावकाश जेव हं.”

मी म्हणाले, “बरं.”